बडोदा ते न्यू जर्सी: विमानाचं अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घर ते घर लागणारे तास कसे काढायचे

लेक-जावई न्यू जर्सीतल्या एडिसनला, आई-वडील बडोद्याच्या दांडिया बाजारात, आणि उन्हाळ्यात तिकडे जायचं ठरलंय. बडोद्यातल्या मराठी घरांना हे आता नवं नाही. तिकिटाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "प्रवास किती तासांचा?" आणि चार जण चार उत्तरं देतात. एक म्हणतो पंधरा. दुसरा म्हणतो वीस. तिसरा म्हणतो, "दीड दिवस धरूनच चाला." चौथा मोबाइल पुढे करून दाखवतो की पहाटे निघून त्याच दिवशी दुपारी पोचताय! चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाने वेगळंच काहीतरी मोजलेलं असतं. कुणी हवेतले तास, कुणी तिकिटावरचे, कुणी घराला कुलूप लावल्यापासूनचे, आणि चौथ्याने नुसते घड्याळाचे काटे.

हे सगळे हिशेब कागद, पेन आणि मोबाइलवर घरबसल्या करता येतात. उदाहरण बडोदा ते न्यू जर्सीचं घेतो. तुमची मुलं टोरांटोला असोत नाहीतर सिडनीला, रीत तीच.

आधी विमानतळ पक्के करा

"बडोदा ते न्यूयॉर्क" असं शोधलं की काही संकेतस्थळं शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर देतात, काही विमानतळ ते विमानतळ. आपल्याला दुसरं हवं. त्यासाठी विमानतळांची तीन अक्षरी खूण माहीत हवी: बडोद्याचं हरणी बीडीक्यू, अहमदाबाद एएमडी, मुंबई बीओएम, दिल्ली डीईएल. पलीकडे न्यूयॉर्कचं जेएफके आणि न्यू जर्सीतलं न्यूअर्क, म्हणजे ईडब्ल्यूआर.

भारतातून पाहिलं तर जेएफके आणि न्यूअर्क सारखेच लांब. पण एडिसनला जाणाऱ्याला न्यूअर्कहून गाडीने अर्धा-पाऊण तास पुरतो, जेएफकेहून न्यूयॉर्कची गर्दी ओलांडून यायला दीड-दोन तास लागू शकतात. तिकीट दोन-चार हजारांनी स्वस्त म्हणून जेएफके घेतलं, की तेवढे पैसे न्यायला येणाऱ्या जावयाच्या पेट्रोल-टोलमध्ये जातात आणि त्याचा अर्धा दिवसही जातो.

अंतर काढायच्या तीन रीती

सगळ्यात सोपी रीत म्हणजे कॉम्प्युटरवर गुगल मॅप्स उघडून बडोद्यावर राइट क्लिक करायचं, अंतर मोजण्याचा पर्याय निवडायचा आणि दुसरं टोक न्यूअर्कवर टेकवायचं. रेघ उत्तरेकडे कमानीसारखी वाकलेली दिसेल. ते बरोबरच आहे. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन विमानतळांच्या खुणा टाकल्या तरी हेच उत्तर मिळतं.

दुसरी रीत नातवंडांबरोबर करण्यासारखी. घरात पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक खंभातच्या आखाताच्या पूर्वेला, बडोद्याच्या जागी, दुसरं न्यूयॉर्कजवळ धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप सरकत वर जातो आणि गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेवर स्थिरावतो. भूगोलात ज्याला बृहद्वृत्त म्हणतात, त्याचाच हा कंस. आता दोरा पट्टीवर मोजा. गोलाचा घेरही दोऱ्याने मोजून घ्या. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, त्याला गोलाच्या सेंटिमीटरमधल्या घेराने भागलं की एका सेंटिमीटरला किती किलोमीटर ते कळतं. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलाचा घेर ९४ सेंटिमीटर भरतो, म्हणजे एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा पावणेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरला तर तुमचा हात नीट बसलाय.

तिसरी रीत गणिताची आवड असणाऱ्यांसाठी. इतरांनी हा परिच्छेद सोडला तरी पुढचं काही अडत नाही. मोबाइलचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा, रेडियनवर नको. बडोदा २२.३ उत्तर, ७३.२ पूर्व. न्यूअर्क ४०.७ उत्तर, ७४.२ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: १४७.४ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, तो ०.२४७५ येतो. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि १४७.४ चा कोसाइन या तिघांचा गुणाकार, तो उणे ०.५९०९. दोन्हींची बेरीज उणे ०.३४३४. हिचा व्यस्त कोसाइन ११०.१ अंश. पृथ्वीवर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, तेव्हा गुणाकार येतो सुमारे १२,२४० किलोमीटर. मैलांत हवं असेल तर १.६०९ ने भागा. वैमानिक वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

वाट कुठून जाते आणि कशामुळे वळते

भिंतीवरच्या सपाट नकाशात बडोद्याहून न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं. त्यामुळे विमान अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा काठ, अटलांटिक असं सरळ जात असेल असं वाटतं. दोरा मात्र निघतानाच वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, रशिया, फिनलंड, स्वीडन, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडातलं क्विबेक अशी त्याची वाट. सर्वांत वरचा बिंदू सुमारे ६६ अंश उत्तर, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ लागून.

प्रत्यक्षात कुठलंही विमान या वाटेवरून तंतोतंत जात नाही. एक तर बडोद्याहून अमेरिकेला थेट विमानच नाही. दुसरं, आकाशालाही सरहद्दी असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही पाकिस्तानी विमानांना केलं. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत असंच झालं होतं. अशा वेळी दिल्लीहून पश्चिमेला निघालेल्या भारतीय विमानाला आधी दक्षिणेला उतरून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. मुंबई-अहमदाबादहून निघणाऱ्याला त्याची झळ कमी, कारण ते तसंही समुद्राकडेच निघतं. परदेशी कंपन्यांना ही बंदी लागू नव्हती. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, २०२२ पासून, अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणजे तिकीट कुठल्या देशाच्या कंपनीचं, यावरही तास ठरतात. तिकीट काढण्यापूर्वी फ्लाइटरडार२४ या विमानांची वाट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तीच फ्लाइट गेल्या आठवड्यात कुठून गेली आणि किती वेळ हवेत होती ते पाहून घ्या. छापील वेळापत्रकापेक्षा त्यातून जास्त कळतं.

तिसरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात, ताशी दोनशे किलोमीटर सहज, हिवाळ्यात त्याहून जोरदार. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर. म्हणून त्याच वाटेवर जायला आणि यायला दीड-दोन तासांचा फरक पडतो. या वाऱ्याचा सर्वांत गमतीशीर उपयोग एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये केला. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ते त्यांनी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, सुमारे १५,३०० किलोमीटर. वाट चौदाशे किलोमीटरने लांबली आणि तरीही वेळ वाचला, कारण समोरचा वारा पाठीवर आला. कुणी फक्त किलोमीटर बघून तिकीट निवडत असेल तर त्याला हे उदाहरण सांगा.

किलोमीटरवरून तास

लांब पल्ल्याचं प्रवासी विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं. पण चढणं, उतरणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं हे सगळं धरून एक कामचलाऊ सूत्र असं: किलोमीटरना ८५० ने भागा आणि अर्धा ते पाऊण तास मिळवा. अमेरिका-युरोपकडे जाताना वर आणखी अर्धा-एक तास धरा, परतताना तेवढा कमी करा.

पडताळून पाहा. बडोदा ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर, सूत्राने एक तास, तिकिटावर तास-सव्वा तास. बडोदा ते दिल्ली सुमारे ८००, सूत्राने दीड तासाच्या वर, तिकिटावर साधारण पावणेदोन. अंतर दुपटीहून जास्त, वेळ मात्र दुप्पट नाही. छोट्या पल्ल्यात जमिनीवरचीच मिनिटं जास्त असतात. अहमदाबाद ते दुबई सुमारे १,७७०, म्हणजे पावणेतीन तास. दुबई ते जेएफके सुमारे ११,०००, म्हणजे साडेतेरा ते चौदा.

आता ही बेरीज बघा: अहमदाबाद-दुबई-जेएफके मिळून १२,७७०. अहमदाबादहून जेएफके थेट मोजलं तर सुमारे १२,१२५. दुबईला जायचा वळसा सगळा मिळून साडेसहाशे किलोमीटरचा, पाच टक्के. "उगाच दुबईला कशाला वाकडं जायचं" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. वेळ खातो तो तिथला थांबा.

तिकिटावरची वेळ वाचताना

गडबड सगळ्यात जास्त इथे होते, म्हणून जरा सावकाश.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची पोचण्याच्या गावची. आणि ती फाटकापासून फाटकापर्यंतची, म्हणजे विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंत. त्यामुळे हवेतले तास त्याहून अर्धा-पाऊण तासाने कमी असतात.

हिशेबाची एकच खात्रीची रीत: सगळ्या वेळा भारतीय वेळेत करून घ्या आणि मग वजाबाकी करा. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. दुबई आणि अबुधाबी आपल्यापेक्षा दीड तास मागे, दोहा अडीच तास, बाराही महिने. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क-न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा. अधल्यामधल्या आठवड्यांत प्रवास असेल तर विशेष सांभाळा.

एक कल्पित तिकीट घेऊ, जून महिन्यातलं. मंगळवारी ०४:२० ला अहमदाबादहून सुटतं, ०६:०० ला दुबई. तिथून ०८:३० ला सुटतं, १४:३० ला जेएफके, तोच मंगळवार. नुसत्या काट्यांनी १० तास १० मिनिटं.

आता भारतीय वेळेत. सुटलं ०४:२०. दुबईचे ०६:०० म्हणजे आपले ०७:३०. पहिलं उड्डाण ३ तास १० मिनिटं. दुबईचे ०८:३० म्हणजे आपले १०:००. थांबा अडीच तास. जेएफकेचे १४:३० अधिक साडेनऊ, म्हणजे आपली मध्यरात्र, बारा. दुसरं उड्डाण १४ तास. एकूण १९ तास ४० मिनिटं, त्यातले विमानात १७ तास १० मिनिटं. बेरीज जुळते का ते शेवटी एकदा बघायचं: १० तास १० मिनिटांत साडेनऊ मिळवले की १९:४०. जुळलं.

वेळेपेक्षा जास्त घोळ वाराचा होतो. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. घरातली मोठी माणसं पहाटे तीनलाही "सोमवारची रात्र" म्हणतात. विमान कंपनीचा वार रात्री बाराला बदलतो. तिकिटावर मंगळवार ०४:२० असेल तर घरातून सोमवारी रात्री निघायचं. मंगळवारी रात्री बॅगा घेऊन निघालात तर विमान जाऊन जवळजवळ दिवस उलटलेला असेल. कॅलेंडरवर सोमवारच्या चौकोनात लाल पेनने "आज रात्री ११ ला निघणे" असं लिहून ठेवा. मंगळवारचा चौकोन मोकळा सोडा.

पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात "+१" दिसला तर तिथल्या तारखेने दुसऱ्या दिवशी पोचताय. "+२" म्हणजे तिसऱ्या. सॅन फ्रान्सिस्कोकडे पॅसिफिकवरून जाताना तर आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते आणि तोच वार पुन्हा येतो. तिथेही वरचीच रीत चालते, वेळा भारतीय करून वजाबाकी.

बडोदेकरांचा खरा प्रश्न: उडायचं कुठून?

हरणीचं नवं टर्मिनल ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झालं. इमारत देखणी, घरापासून पंधरा-वीस मिनिटांवर. पण अमेरिकेला जायचं तर पहिला टप्पा कुठला घ्यायचा, इथेच पाच-सहा तास कमी-जास्त होतात. तीन वाटा आहेत, तिन्हींचा घर ते घर हिशेब मांडू. घर दांडिया बाजारात, मुक्काम एडिसनला.

पहिली वाट अहमदाबाद. दुमाड चोकडीवरून एक्सप्रेस-वे लागला की ९३ किलोमीटर सरळ रस्ता, पुढे अहमदाबादच्या सीटीएम चौकाला गावात न शिरता रिंग रोडने विमानतळ. सगळं मिळून एकशे दहा-वीस किलोमीटर, रात्री दोन तास. वरचं तिकीट धरा. सोमवारी रात्री ११ ला निघालात, सव्वाएकला विमानतळावर, विमानाला तीन तास हातात. निघाल्यापासून विमान सुटेपर्यंत ५ तास २० मिनिटं. मग तिकिटाचे १९:४०. जेएफकेला इमिग्रेशन, सामान, कस्टम्स याचे दोन तास. एडिसनपर्यंत पावणेदोन. बेरीज २८ तास ४५ मिनिटं. विमानात त्यातले सतरा, म्हणजे साठ टक्के. बाकीचे चाळीस टक्के रस्ता, रांग आणि खुर्ची.

या वाटेवर दोन गोष्टी. नवरात्रात गरबा सुटायच्या वेळी बडोद्यातून बाहेर पडणं हे स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा तासभर आधी निघा. आणि अमितनगर सर्कलवरून मिळणारी शेअर टॅक्सी एकट्या तरुणाला ठीक. दोन मोठ्या बॅगा प्रत्येकी, शिवाय लोणच्याची बरणी, लीलो चेवडो आणि निरोपाला आलेली आत्या असं बिऱ्हाड असेल तर पूर्ण गाडी करा. आत्याला परत आणायलाही गाडी लागतेच.

दुसरी वाट रेल्वेने मुंबई आणि तिथून थेट न्यूयॉर्क. ऐकायला सर्वांत सुटसुटीत. घरातून निघून गाडी सुटेपर्यंत तास. बोरिवलीपर्यंत साधारण साडेचार तास, आणि उतरायचं बोरिवलीलाच, मुंबई सेंट्रलला जाऊन उलट येऊ नका. बोरिवलीहून सहारचं टर्मिनल २ गाठायला तास. रेल्वे उशिरा आली तर म्हणून दोन तास राखीव, हे कधीही कापू नका. विमानतळावर साडेतीन तास, थेट उड्डाण साधारण सोळा, पलीकडे दोन आणि पावणेदोन. बेरीज पावणेबत्तीस तास. म्हणजे थेट विमान असूनही अहमदाबादहून दुबईमार्गे जाण्यापेक्षा तीन तास जास्त! हे बहुतेकांना खरं वाटत नाही, पण बेरीज समोर आहे. तरीही सत्तरीच्या जोडप्याला मी हीच वाट सुचवेन, जर मुंबईला एखाद्या नातेवाइकाकडे आदल्या दिवशी मुक्काम होत असेल तर. मधे विमान बदलणं नाही, परक्या विमानतळावर फाटक शोधणं नाही. गुडघे दुखणाऱ्याला तीन तास जास्त बसणं परवडतं, दीड किलोमीटर चालणं परवडत नाही.

तिसरी वाट हरणीहून दिल्ली आणि तिथून थेट न्यूअर्क किंवा जेएफके. घर ते हरणी अर्धा तास, तिथे दोन तास, दिल्लीपर्यंत पावणेदोन, दिल्लीत चार तास, थेट उड्डाण साडेपंधरा, वळसा नसेल तर. न्यूअर्कला दोन तास, एडिसनपर्यंत पाऊण. बेरीज साडेसव्वीस. कागदावर हीच सर्वांत जलद. पण दोन अटी. तिकीट सगळं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवं, म्हणजे बॅगा बडोद्यातच पुढच्या विमानासाठी दिल्या जातात आणि पहिलं विमान लटकलं तर पुढची सोय कंपनी करते. आणि डिसेंबरअखेर ते जानेवारी दिल्लीचं धुकं. त्या दिवसांत सकाळचं पोचणारं विमान आणि चार तासांचं कनेक्शन हा जुगार आहे. तेव्हा थांबा सहा-सात तासांचा घ्या, नाहीतर अहमदाबाद.

वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवायचे असतील तर मधलं अंतर दुप्पट करा. स्वस्त देशांतर्गत विमान मुंबईला टर्मिनल १ वर उतरलं की बॅगा घेऊन रस्त्याने टर्मिनल २ वर जावं लागतं. दिल्लीतही टर्मिनल १ आणि ३ जोडलेले नाहीत. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाण्याला कुठलंच संकेतस्थळ प्रवासाचा वेळ म्हणून मोजत नाही.

मधला थांबा किती असावा

एकाच तिकिटावर, एकाच मोठ्या विमानतळावर, दोन ते तीन तास. दीड तास चालतो असं कंपनी म्हणेल, आणि तरुणांना चालतोही. आई-वडील एकटे असतील तर तीन घ्या आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. तिचे पैसे पडत नाहीत, आणि सोबतचा माणूस रांगेतून नीट नेतो.

थांबा अमेरिकेतच पडत असेल, म्हणजे शिकागो किंवा वॉशिंग्टनला उतरून पुढे जायचं असेल, तर अमेरिकेत पहिल्यांदा पाय ठेवाल तिथेच इमिग्रेशन होतं आणि सहसा बॅगा पट्ट्यावरून काढून पुन्हा जमा कराव्या लागतात. तिथे साडेतीन-चार तास हवेत. याला एक चांगली पळवाट आहे. अबुधाबीला जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्यापूर्वीच होतं, आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. तिथे थांबा तीन-चार तासांचा घ्यावा, पण पलीकडचे दोन तास अर्ध्यावर येतात. न्यायला आलेल्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते नेहमीच्या हिशेबाने उशिरा येतील.

विमानात कुठलं घड्याळ बघायचं

मोबाइल उतरल्यावर आपोआप तिथली वेळ दाखवतो. मनगटावरचं घड्याळ मात्र प्रवास संपेपर्यंत बडोद्याच्या वेळेवर राहू द्या. रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी दर बारा तासांनी असेल तर ते घड्याळ बघून घ्यायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून वेळा लिहूनच घ्याव्यात. जेवणाची थाळी समोर आली म्हणून इंजेक्शन, असं करू नये.

खिडकीतून बघून वेळ कळत नाही, याचं कारणही मजेदार आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे फिरते, ६० अंश अक्षांशावर हा वेग निम्मा, ८३५ च्या आसपास. तिथे विमान ताशी ९०० ने पश्चिमेला जात असेल तर ते सूर्याला पुढे जाऊच देत नाही. दुबईहून सकाळी साडेआठला निघून चौदा तासांनी उतरलात तरी दुपारच असते, मधे अंधार पडतच नाही. पट्ट्या ओढून झोपायचं ते घड्याळ बघून.

संकष्टी आली तर? तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी लागते, पण तिथल्या घड्याळात तेव्हा साडेनऊ-साडेदहा तास आधीची वेळ असते. त्यामुळे बडोद्याच्या कालनिर्णयावरचा वार आणि चंद्रोदय एडिसनला लागू नाही. मुलीला तिथलं पंचांग बघायला सांगा. उडतानाच्या दिवशीचा उपास सोडून द्यायला गणपतीची हरकत नसावी.

परतीचा हिशेब

परतताना वारा पाठीवर, म्हणून दुबईपर्यंत साडेबारा तासांच्या आसपास. पुन्हा कल्पित तिकीट: सोमवारी रात्री २३:०० ला जेएफके, म्हणजे आपले मंगळवार सकाळचे साडेआठ. दुबईला मंगळवारी १९:३०, आपले रात्रीचे नऊ. तिथून २२:१५ ला निघून अहमदाबादला ०२:४५, तिकिटावर "+२". एकूण १८ तास १५ मिनिटं, जातानापेक्षा जवळजवळ दीड तास कमी. वार मात्र सोमवारचा थेट बुधवार, मधला मंगळवार बहुतेक आकाशातच.

शरीराला यायचा त्रास जाण्यापेक्षा जास्त होतो, पूर्वेकडच्या प्रवासात झोप उशिरा जुळते. आल्यावर लगेच लग्न-मुंजीची कामं अंगावर घेऊ नका, चार-पाच दिवस मोकळे ठेवा.

आणि न्यायला येणाऱ्या गाडीचं आधी ठरवा. ०२:४५ ला विमान टेकलं तर इमिग्रेशन आणि बॅगा उरकून बाहेर यायला पावणेचार होतात. म्हणजे बडोद्याहून गाडी रात्री एक-सव्वाला निघायला हवी. ड्रायव्हरला "बुधवारी पहाटे" असं सांगू नका, आणि "मंगळवारी रात्री" एवढंच सांगूनही भागत नाही. "मंगळवारचं जेवण झाल्यावर झोपू नका, रात्री एक वाजता अमितनगरहून निघा, साडेतीनला बाहेरच्या दाराशी" असं सांगा. फ्लाइटचा नंबर त्याला व्हॉट्सॲपवर टाकून ठेवा, म्हणजे विमान उशिरा असेल तर त्याचं त्याला कळेल आणि तो दुमाडच्या चहावर तासभर थांबेल.